अडतीस लाखांत एक

ही गोष्ट खरी आहे. माझा मावसभाऊ सुमंत थापा मारतो, पण स्वतःचीच बदनामी होईल अशी थाप त्याने आजवर मारलेली नाही.

गेल्या वर्षीचा मे. मंगळवार, दुपारचे अडीच. नागपुरात पारा सत्तेचाळीसवर. अशा वेळी सदर भागातल्या रस्त्यावर भूतही निघत नाही.

म्हणूनच बहुधा ते एसीत आलं.

सुमंत तिथल्या एका मोठ्या निदान केंद्राचा आयटी प्रमुख. तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम, अठरा अंश. मे महिन्यात अख्ख्या ऑफिसला तिथं काही ना काही काम निघतं.

त्या दिवशी मात्र आत दोघंच होते. सुमंत, आणि नवी स्टोरेज मशीन बसवायला आलेली इंजिनिअर रितिका. जुन्या फिरत्या डिस्क काढून सगळा डेटा फ्लॅश चिपवर आणला होता. चार वाजता संचालिका उत्तरा मॅडम नारळ फोडणार. नारळ फुटला की सुमंतचं प्रमोशन.

"हिच्यात ना डिस्क फिरत, ना टेप," रितिका म्हणाली. "पंख्याची घरघर सोडली तर आवाजच नाही. कान लावून बघा, सर."

सुमंतने कान लावला.

कर्रर्र...

टक.

हा आवाज त्याला पाठ होता. मशीनमध्ये टेप बसल्याचा.

पण टेपची मशीन वर्षापूर्वीच जरीपटक्याच्या भंगारवाल्याकडे गेली होती.

आणि टेप लावणारा नत्थू गजभिये त्याच्याही आधी... वर.

नत्थू पारशिवनी गावचा. रोज सगळा डेटा टेपवर उतरवून ठेवायचा. दर महिन्याला त्यातली एक टेप परत वाचून बघायची, असा नियम. ते काम सुमंतचं. सुमंत न वाचताच 'तपासले' लिहून सही ठोकायचा. बऱ्याच ठिकाणी तपासणी म्हणतात ती हीच.

"साहेब, टेपा कोऱ्या निघून राहिल्या," नत्थूने सांगितलं होतं. "एक वाचून तं पाहा."

"पाहू गा. ऑडिट होऊ दे आधी."

नत्थूने मेलही केला.

मग एका सकाळी डिस्क बंद पडल्या. टेपा खरंच कोऱ्या. अकरा वर्षांचे एक्स-रे, स्कॅन, सगळं गेलं. साठवण पुन्हा शून्यापासून. सुमंतने दोन कामं केली. मेल पुसला. आणि अहवालात लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'.

नत्थूला काढलं. आठ महिन्यांत तो गेला.

नत्थू बुद्धाला मानणारा. भुताचं नाव काढलं की हसायचा. हे आठवून सुमंतला जरा धीर आला.

"एसीचा आवाज असेल," तो म्हणाला.

रितिका स्क्रीनकडे बघत होती.

"सर... हे काय दाखवून राहिलं?"

या मशीनची एक खुबी आहे. एकसारख्या फायली आल्या की ती एकच ठेवते, बाकीच्यांच्या जागी नुसती खूण. चार फायलींचं काम एकीच्या जागेत झालं तरी विकणारे पेढे वाटतात.

स्क्रीनवर आकडा होता अडतीस लाख.

त्याच्यापुढे... एक.

"सर, पेशंटच्या अडतीस लाख फायली. सगळ्या सारख्या कशा असतील?"

तिने एक उघडली. नाव पेशंटचं. आत एक्स-रे नाही.

'साहेब, टेपा कोऱ्या निघून राहिल्या. एक वाचून पाहा. नत्थू.'

दुसरी उघडली. तेच.

तिसरी. तेच.

"पुसून टाक!" सुमंत ओरडला.

"काहून घाबरून राहिले, सर? आणि पुसणार कसं? हॅकर पुसतील म्हणून तुम्हीच तं कुलूप लावायले सांगितलं. सात वर्षं. आता आमच्या कंपनीलेही पुसता येत नाही."

सुमंतने मागच्या विजेच्या दोन्ही केबली उपटल्या.

दिवे विझले. पंखे थांबले. एसीही थांबला, त्याला तर कोणी हात लावला नव्हता.

त्या खोलीत पहिल्यांदाच काहीच ऐकू येत नव्हतं.

मग, अगदी कानाशी...

"वाचलं का, साहेब?"

रितिका किंचाळली. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. सुमंतला तेच जास्त लागलं.

किंकाळी ऐकून उत्तरा मॅडम धावत आल्या. त्यांना पाहताच सुमंत बोलत सुटला. टेपा, सह्या, पुसलेला मेल, खोटा अहवाल. कोणी काही विचारलं नव्हतं. थांबायचं म्हटलं तरी तोंड थांबेना.

संध्याकाळी राजीनामा.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली. अडतीस लाख फायली जागच्या जागी. एक्स-रेच्या ठिकाणी एक्स-रे. नत्थूचा मेल एकीतही नाही.

"म्हणजे तू गप्प बसला असतास तर..." मी म्हणालो.

"बसू दिलं असतं का त्यानं?" सुमंत म्हणाला. "त्याले मशीनशी काय करायचं होतं? त्याले माझ्या तोंडून पाहिजे होतं."

मग त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

"त्या मेलवर दोन नावं होती," तो हळूच म्हणाला. "माझं, आणि मॅडमचं. त्यांनीही वाचला होता."

"मग त्यांचं काहून नाही सांगितलं?"

"मी काहून सांगू? त्यांचं तो पाहील."

परवा कळलं, उत्तरा मॅडम हल्ली ऑफिसात तोंडावर रुमाल दाबूनच बसतात. मीटिंगमध्येही. काही सांगायचं असलं की कागदावर लिहून देतात. लिहिताना उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवतात म्हणे.

अजून तरी सांभाळून लिहितात.