घोळीची तहान

चंद्रतळावर सकाळचे दिवे लागले तेव्हा सातपैकी सहा जणांचं डोकं ठणकत होतं. वायुअभियंता रफिक मुजावर यांनी आकडे पडद्यावर आणले. सहा शयनकोठड्यांत कार्बन डायऑक्साइड धोक्याच्या रेषेला टेकला होता. सातवी कोठडी वनस्पतितज्ज्ञ सुलक्षणा बनसोडेची. तिथली हवा स्वच्छ होती. रात्रीची हवा शुद्ध राहावी म्हणून प्रत्येक कोठडीत तिनं घोळीच्या कुंड्या ठेवल्या होत्या.

“दुपारपर्यंत कारण सापडलं नाही, तर घोळीच्या सगळ्या कुंड्या खतयंत्रात जातील,” तळप्रमुख हेमांगी गोगटे थकल्या आवाजात म्हणाल्या.

घोळ ही रानभाजी. तिचं बी सुलक्षणाला तिच्या आईनं माणदेशातल्या बांधावरून वेचून दिलं होतं. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. परतीचं यान तीन महिन्यांनी होतं.

“पुन्हा एकदा सांगा, ही भाजी नेमकं करते काय?” गोगटेंनी विचारलं.

“तहानलेली असली तरच करते, मॅडम. पाणी उडू नये म्हणून उजेडात पानांची छिद्रं मिटते, अंधारात उघडते. तेव्हा ओढलेला वायू आम्ल करून साठवते. भरपूर पाणी मिळालं की छिद्रं दिवसा उघडते आणि अंधारात आपल्यासारखाच उच्छ्वास सोडते.”

“म्हणजे सकाळी पान आंबट लागायला हवं,” रफिक म्हणाले.

सुलक्षणानं त्यांच्या कोठडीतलं पान चावलं. अळणी. मग एकेक करत उरलेल्या पाच कोठड्यांतलं. सगळी अळणी.

“ठिबकनळीशिवाय कुणीतरी वर पाणी घालतंय.”

रफिकनी मान खाली घातली. “बाई, मी घातलं. माझ्या पिण्यातलं, अर्धा पेला. पानं मलूल दिसत होती. तुमच्या आईच्या हातचं बी, वाळायला नको वाटलं. अर्ध्या पेल्यानं काय होतंय!”

“मग मी एकटी नव्हते तर,” गोगटे हळूच म्हणाल्या.

उरलेल्या चौघांनीही कबूल केलं. कुणी पेलाभर, कुणी ओंजळभर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

“कधीपासून?”

“बातमी आली त्या दिवसापासून.”

सुलक्षणा खुर्चीवर टेकली. “आता एक थेंबही नको. आठवड्यात तहानतील. तोवर यंत्रशाळेत झोपा.”

“झोपू. मुजावरांचं घोरणं तेवढं सोसावं लागेल,” गोगटे म्हणाल्या. फारसं कुणी हसलं नाही.

बाकीचे कामाला गेले. रफिक रेंगाळले.

“तुमच्या कुंडीला तुम्ही नाही घातलंत?”

“नाही.”

“एकदाही वाटलं नाही?”

“रोज वाटतं.”