गाण्याआधीचे चार सेकंद

बातमी आली त्या बुधवारी सकाळी मी वर्तकनगरच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते. ऋजुताचा, माझ्या भाचीचा, फोन आला. घरघरीत काही ऐकू येईना. "पीठ घेते आणि करते गं," असं म्हणून मी ठेवून दिला. दहा मिनिटांनी लावला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, बाबा गेले. झोपेतच."

सलिल माझा धाकटा भाऊ. वहिनी गेल्यापासून डोंबिवलीला, मानपाड्यात एकटाच राहायचा. आमच्या वडिलांच्या चाळीस रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम त्याने वर्षभर चालवलं होतं. एकोणतीस झाल्या होत्या, अकरा राहिल्या. दिवसकार्य आटोपून ऋजुता बंगळुरूला परतली आणि मी ते सगळं सामान टेम्पोत घालून ठाण्याला आणलं.

कॉम्प्युटरच्या डब्यावर त्याच्या बारीक अक्षरातला कागद चिकटवलेला होता. रेकॉर्ड पूर्ण वाजू द्यावी. गाण्याआधीचे चार सेकंद निवडावेत, तिथे नुसती खरखर असते. तो नमुना धरून सगळ्या बाजूतून खरखर काढावी. मूळ फाइल पुसावी, जागा कमी आहे.

मी तसंच करत गेले. रोज दुपारी एक रेकॉर्ड. आवाज बंद ठेवायची, कारण ती गाणी ऐकवत नव्हती. खोलीत जुन्या पुठ्ठ्याचा ओलसर वास, आणि सुईची, कान दिला तरच कळेल अशी कुरकुर. पडद्यावर गाण्याआधीची रेघ सपाट असायची. तिच्यावर बारीक काटे दिसायचे. मला वाटायचं, धूळ. निवडायचे चार सेकंद, आणि पुसायचे. दहा रेकॉर्डी झाल्या, दोन्ही बाजूंनी.

शनिवारी ऋजुताचा फोन आला.

"आत्या, बाबांचा आवाज आहे का गं तुझ्याकडे? माझ्याकडे एकसुद्धा नाहीये. व्हॉट्सअ‍ॅपवर ते नुसता अंगठा पाठवायचे."

"तुझा बाप फोनवर तरी कुठे बोलायचा? हं, बरं, ठेवतो, एवढंच."

ती हसली.

"शोध ना कॉम्प्युटरमध्ये," ती म्हणाली. "कुठेतरी खोकला तरी असेल."

शोधलं. गाण्यांशिवाय काही नव्हतं.

त्या दुपारी शेवटच्या रेकॉर्डची पहिली बाजू उतरवली. रेघेवर काटे होतेच. का कोण जाणे, पुसण्याआधी मी हेडफोन कानाला लावला.

खरखर. कुणीतरी श्वास घेतला. मग अगदी जवळून, घसा न खाकरता...

"...आणि हेही सांग ताई ऋजूला, की मी..."

तिथे पेटी सुरू झाली.

मी खुर्चीतून उठले नाही. प्लेअरची वायर सरळ कॉम्प्युटरमध्ये जाते. त्या डब्याला माइक नाही, कधीच नव्हता. रेकॉर्ड माझ्या जन्माच्याही आधीची. तीच बाजू पुन्हा वाजवली. नुसती खरखर. आधीच्या दहाही रेकॉर्डी पुन्हा लावल्या, चार दुपारी त्यात गेल्या. खरखर, आणि पेटी, आणि गाणं. जे होतं ते पहिल्याच वेळी उतरलं होतं. ते वीस वेळा मी माझ्या हाताने निवडलं आणि काढून टाकलं.

उरलेले ते चार सेकंद तीन ठिकाणी जपून ठेवलेत. त्याने वाक्य पुरं केलं असेल तर ते कुठे असेल, हे मला कळतं. नसेल केलं, तर तिथे नुसती खरखर असेल, आणि मग काहीच उरणार नाही.

ऋजुता रोज विचारते, "सापडलं का काही?" मी म्हणते, "बघते आहे."

आज महिना झाला. दुसरी बाजू मी अजून लावलेली नाही.