बिजागरीचा एक स्क्रू

"आत इंजिनिअर साहेब आहेत का?"

बोटीच्या पाठीवर कुणीतरी टकटक करत होतं. आरेलिस कासियानी त्या वेळी पालथ्या घातलेल्या बोटीच्या पोटात उताणी पडून पॉलिश पेपर घासत होती. फायबरच्या भुकटीने तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि सकाळपासून फायबर जोडायच्या रेझिनची वाट बघून डोकं तापलं होतं.

"साहेब मेले," ती आतूनच म्हणाली. "कॅन आणलेस ना राजा? चार तास उशीर केलास. मागच्या दाराने आण, आणि लोळवू नकोस, उचलून आण."

बाहेरची टकटक थांबली. मग पावलं लांब गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. ती सरपटत बाहेर आली तेव्हा वीस वीस लिटरचे दोन कॅन भिंतीशी नीट मांडून ठेवलेले होते. त्यांच्या शेजारी बुटका, रुंद खांद्यांचा एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. गणवेशाला कडक इस्त्री. त्या इस्त्रीवर रेझिनचा एक ओघळ.

"कॅन फाटकाशी टाकून गेले होते, ते आणले," तो म्हणाला. "मी कॅप्टन एलिएसर चिंदोय. नौदलाच्या मरीन तुकडीत. पुतुमायो नदीवरून आलोय. मला इथे तीन महिने बसायला सांगितलंय."

आरेलिसने त्या ओघळाकडे पाहिलं. तो डाग आता मरेपर्यंत निघणार नव्हता.

"मग बसा," ती म्हणाली. "पण तिथे नको, तिथे ओलं आहे."

कारखान्यातला पिवळा कुत्रा त्याचे बूट हुंगायला आला. कॅप्टन खाली वाकून गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही चावता का?"

"कुत्र्याला अहो-जाहो?"

"ओळख नवीन आहे," तो म्हणाला.

आरेलिस हसली... आणि हसताना पापण्यांवरची भुकटी गालांवर उतरली. ती समुद्रकाठच्या कार्ताहेनाची. भाजीवाला, बस ड्रायव्हर, बँकेचा शिपाई, सगळे तिचे 'राजा'. हा सिबुंदोयच्या थंड खोऱ्यातला. तिकडची माणसं आईलासुद्धा अहो म्हणतात.

त्याला बसायला सांगणारे होते रिअर ॲडमिरल सामुदिओ. त्यांच्या आधी नदीवरच्या बोटी विकत कोण घेत होतं? राजधानीत कोट घालून बसलेली माणसं. नदी त्यांनी विमानातून बघितलेली. परदेशी कंपनीच्या गुळगुळीत पुस्तकातली बोट बघायची, जेवण झोडायचं, सही ठोकायची. कागदावर ती बोट फार देखणी असायची. नदीला कागद वाचता येत नाही. पुतुमायोचं पाणी म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धं वेली, ओंडके, गवत. मोटरचा पंखा गुरफटला की एकाने पाण्यात उडी मारायची आणि हाताने सोडवायचा, काठावरून बंडखोरांच्या गोळ्या येत असल्या तरी. त्यात माणसं गेली. कोट घालणाऱ्यांपैकी कुणी गेलं नाही.

सामुदिओंनी हे बंद केलं. बोट आपल्या देशात, आपल्या कारखान्यात बनेल. जो तिच्यात बसणार, तो बनवणाऱ्याशेजारी तीन महिने खुर्ची टाकून बसेल. शेवटच्या कागदावर दोन सह्या, बनवणाऱ्याची आणि बसणाऱ्याची. एक जरी नसली तरी बोट जागची हलणार नाही, मग मंत्री फोन करो नाहीतर मंत्र्याचा मेव्हणा. मामोनालच्या खाडीकाठच्या या कारखान्यात आरेलिसचे वडील कातालिनो चाळीस वर्षं मच्छीमारांच्या होड्या बनवत आले होते. ॲडमिरल स्वतः येऊन त्या होड्यांवर हात फिरवून गेले, आणि बोटींचे नकाशे काढणारी मुलगी आहे हे कळल्यावर काम तिला दिलं.

तर कॅप्टन बसला. तिने विचारायचं, त्याने सांगायचं. तो फार कमी बोलायचा. फक्त एका दुपारी, पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की जवळ सरकून बोलावं लागत होतं, तेव्हा त्याने त्याच्या मित्राचं सांगितलं. गवत काढायला उतरला आणि वर आला नाही. सांगताना तो तिच्याकडे नाही, हातातल्या, कोरोसो फळाच्या लाल सरबताच्या ग्लासकडे बघत होता. ग्लास रिकामा होता.

त्या रात्री तिने जुना नकाशा फाडला. नव्या नकाशात पंखाच नव्हता. बोटीच्या तळाशी पाणी ओढून मागे फेकणारं तोंड होतं, आणि त्या तोंडावर, बोटीच्या आतून उघडणारी, हात घालण्याएवढी खिडकी. गवत अडकलं तर बसल्या जागी झाकण उघडायचं, हात घालायचा, उपसायचं. कुणी पाण्यात उतरायचं नाही.

कॅप्टनने नकाशा खूप वेळ पाहिला. मग कमरेची विणलेली लाल-पांढरी पट्टी सोडली, त्याच्या आईने विणलेली, आणि नकाशाची गुंडाळी करून त्या पट्टीने बांधली.

"भिजू नये म्हणून," तो म्हणाला.

पट्टीने नकाशा भिजायचा कसा थांबतो, हे तिने विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस बोट तयार झाली. आणि तिथेच घोळ झाला. कारण कॅप्टनने सही केली की बोट मालवाहू विमानाच्या पोटात जाणार, आणि बोटीबरोबर कॅप्टन.

पहिला दोष त्याने खराच काढला, बाक फार कडक होता. दुसरा, रंग चमकतो. बरं, तोही मानला. तिसऱ्या दिवशी त्याने कागदावर लिहिलं, 'शिडीची पायरी अर्धा इंच वर.' आरेलिसने पायरी मोजली. बरोबर होती. तरी तिने ती काढली, तासाभराच्या कामाला दोन दिवस लावले आणि होती तिथेच परत बसवली.

पुढच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती एकटीच बोटीत चढली आणि खिडकीच्या झाकणाच्या बिजागरीचा एक स्क्रू दोन आटे सैल करून आली. सकाळी कॅप्टनला तो सापडला. त्याने तो काढून तळहातावर धरला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने खाडीकडे पाहिलं. मग तो खाली बसून सावकाश अक्षरात लिहू लागला, 'बिजागरी सैल. पुन्हा तपासणी आवश्यक.'

आणखी चार दिवस मिळाले.

"ही बोट आहे का सून?" कातालिनो कुरकुरले. "रोज उठून नवा दोष."

"घाई काय आहे, बाबा?" आरेलिस म्हणाली.

ते चार दिवस, त्याआधीचे सहा, त्यानंतरचे नऊ... काय केलं त्यांनी? काही नाही. कारिमान्योलाची गरम तळलेली वडी अर्धी अर्धी करून खाल्ली. तिच्या हातातला पाना घेताना त्याच्या हाताला जरा वेळ लागायचा. संध्याकाळी धक्क्यावर बसून तो नदीबद्दल सांगायचा आणि ती समुद्राबद्दल. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही सगळ्यांनाच राजा म्हणता?" ती म्हणाली, "सगळ्यांना." "मला फक्त पहिल्या दिवशी म्हणालात."

विसाव्या दिवशी सकाळी कॅप्टन आला तो फाटकाशीच थांबला. कुत्रा धावत गेला, त्याच्याशी तो बोलला नाही.

"नदीवरच्या चौकीवरून फोन होता," तो म्हणाला. "काल जुन्या बोटीचा पंखा गुरफटला. माझ्याच तुकडीतला कॉर्पोरल गारेता उतरला. पंखा मध्येच फिरला. उजवा पंजा गेला, मनगटापासून."

आरेलिस उभी होती ती पिंपावर बसली.

"जिवंत आहे?"

"आहे."

मामोनालच्या रस्त्यावरून ट्रक गेले. एक, दोन, तीन. मग ती उठली, आत गेली आणि कागद घेऊन आली. तिने आधी स्वतःची सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"पायरी अर्धा इंच वर नव्हती," तो म्हणाला.

"माहितीये. मी मोजली होती. बिजागरीचा स्क्रू मी सैल केला होता."

"माहितीये. खाडीकडे इतकं बघण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं."

त्याने सही केली. पेन कागदावर टेकवूनच ठेवलं, उचललं नाही. "एकोणीस दिवस," तो म्हणाला.

"यापुढे या कागदावर खोटं लिहायचं नाही," आरेलिस म्हणाली. "तुम्हीही नाही, मीही नाही. कितीही..."

"आणि खरं?"

"खरं लिहायला त्यात रकाना नाही."

बोट दुसऱ्याच दिवशी गेली. निरोपाला धावपट्टीशी मांडव घातला होता. मांडवात राजधानीचे पाहुणे, त्यांच्या बायका, बोटीवर फोडायची बाटली आणि भाषणं. रेझिनचा वास कधी नाकात गेला नाही अशी तोंडं आत्मनिर्भरतेवर बोलत होती. ज्यांनी ती बोट हातांनी घासली ते आठ जण दोरीच्या पलीकडे उन्हात उभे होते. आरेलिसला आत खुर्ची होती. ती दोरीपलीकडे उभी राहिली. कॅप्टन विमानात चढण्याआधी वळला, गर्दीत तिला शोधलं आणि टोपी काढली. सलाम केला नाही. नुसती टोपी काढली... पहिल्या दिवशी हातात धरली होती तशी.

मग महिन्यामागून महिने.

दर महिन्याच्या दहा तारखेला नदीवरून अहवाल यायचा. हाही सामुदिओंचाच नियम, आणि तो अहवाल थेट कारखान्यात यायचा. पहिल्यात लिहिलं होतं, 'गवत अकरा वेळा अडकलं. अकराही वेळा खिडकीतून काढलं. पाण्यात कुणी उतरलं नाही.' ते वाचून कातालिनो कुणाला दिसू नये म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले. शेवटचा रकाना बसणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचा असतो: काय बदलावं? तिथे त्या सावकाश अक्षरात दोनच शब्द होते. 'काही नाही.'

दुसऱ्या महिन्यात, काही नाही. तिसऱ्यात, काही नाही.

आरेलिसला राग आला. काही नाही? एक बारीकसा दोष काढता येत नाही या माणसाला? एक खिळा? दोष निघाला असता तर नियमाप्रमाणे बनवणारी नदीवर गेली असती. ती चिडून दुसऱ्या बोटीचं काम करायची, मधेच हात थांबायचा. फाटकाशी पावलं वाजली की मान वळायची, आणि यायचा तो खरंच रेझिनवाला असायचा. कुत्रासुद्धा त्याच्यावर भुंकायला लागला होता.

चौथा अहवाल आला, त्या दिवशी तिने चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तो शब्द पाळत होता. एक खोटा खिळा लिहिला असता तर ती तिसऱ्या दिवशी तिथे असती, आणि त्या तीन दिवसांत दुसरी बोट इथे अडली असती, आणि दुसऱ्या चौकीवर कुणीतरी पाण्यात उतरलं असतं. म्हणून दर महिन्याला तो मनावर दगड ठेवून ते दोन शब्द लिहीत होता. चार वेळा लिहिले त्याने. तिच्यासाठी याहून मोठं कुणी काही केलं नव्हतं.

तिने पट्टी सोडून खिडकीचा नकाशा उघडला, परत बांधला. मग प्रवासाच्या परवानगीचा छापील अर्ज घेतला. त्यात 'कारण' असा रकाना होता. तिथे तिने लिहिलं:

'बोटीत दोष नाही. कॉर्पोरल गारेता यांना एक गोष्ट तोंडावर सांगायची आहे. आणि कॅप्टन चिंदोय यांना भेटायचं आहे.'

कातालिनोंनी वाचून कपाळाला हात लावला. "पोरी, हे ॲडमिरलच्या टेबलावर जातं."

"जाऊ दे. वाचता येतं त्यांना."

आठ दिवसांनी अर्ज परत आला. खाली लाल शाईत ठसठशीत अक्षर. 'मंजूर. चार दिवस. पहिलं काम आधी करा.'

दोन विमानं आणि दीड दिवस नदी. चौकीच्या धक्क्यावर ती उतरली तेव्हा तिची बोट समोरच बांधलेली होती, ओरखड्यांनी भरलेली, चमक पार गेलेली. कॅप्टन तिच्या आत गुडघ्यांवर बसून खिडकीतून गवत उपसत होता. त्याने मान वर केली आणि तसाच राहिला, हातातून हिरवं पाणी गळत असलेलं.

"आधी गारेता," आरेलिस म्हणाली.

गारेता रेडिओच्या खोपटात होता. तिने उभं राहून सगळं सांगितलं, पायरी, स्क्रू, एकोणीस दिवस. कॅप्टनने हे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तरी त्याने ते पुन्हा पूर्ण ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने सिगारेट विझवली.

"राग आहे, बाई," तो म्हणाला. "राहील. माफबिफ काही जमायचं नाही. पण ते सुकाणू उजव्या हाताचं केलंयत तुम्ही. पुढच्या बोटीत डाव्यानेही चालेल असं करा. मला परत बसायचंय."

तिने तिथेच वही काढली आणि त्याचा डावा हात मोजला.

बाहेर आली तेव्हा नदीवर ऊन उतरत होतं. कॅप्टन धक्क्यावर उभा होता. हात धुतलेले, पण कोपरापर्यंत गवताचा हिरवा रंग तसाच.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"चार."

तो बोटीकडे वळला. "ती बिजागरी..." तो हळू म्हणाला. "नीट पाहिलं तर जराशी..."

"नाही," आरेलिस म्हणाली. तिने त्याचा तो ओला, हिरवा हात आपल्या हातात घेतला. "बिजागरी पक्की आहे, राजा. मी बसवलीये. चारच दिवस आहेत, पण खरे आहेत."

त्याने हात सोडवला नाही. खाली पाण्यात गवताचा एक पुंजका वाहत आला, बोटीला लागला आणि पुढे निघून गेला.