तीस फुटांच्या आत

आईला फोटो हवे होते, काम एवढंच होतं.

"फोटू तेवढं काढून घे रं त्याचं," कान्हे गावातल्या घरातून निघताना मुक्ताबाई संदेशला म्हणाली होती, "मग दे कुनाला द्यायचा त्यो मोबाईल."

त्याचं म्हणजे बजरंगचं. संदेशचा हा धाकटा भाऊ नवलाख उंब्रे गावाजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून प्रेस मशीनवर लागला होता. त्याचं तेरावं होऊन पाच दिवस झाले होते. मशीनमध्ये सापडून स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला, असं कागदावर आलं होतं. कारखान्याच्या साहेबांनी संदेशला बाजूला घेतलं. "चौकशीसाठी त्याचा फोन लागेल. सगळं पुसून, कोरा करून आणा. तुमचं कायम नोकरीचं पत्र तयार आहे."

चौकशीला कोरा फोन कशाला लागतो, हे संदेशने विचारलं नाही. अकरा वर्षं तो तुंगार्लीत तळ्याकाठच्या एका बंगल्याची राखण करत होता, परक्यांच्या चादरी झटकत होता. कायम हा शब्द त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

दुपारचे तीन वाजले असतील. तळ्यावरचं धुकं बंगल्याच्या फाटकातून आत शिरलं, व्हरांड्यापर्यंत आलं आणि समोरची झाडं एकेक करून पुसली गेली. शेवाळाचा आंबूस वास सुटला होता. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं, बाकी सगळं गप्प. नेटवर्क सकाळपासूनच गेलेलं. पण या कामाला नेट लागत नाही, हे बजरंगनेच त्याला शिकवलं होतं. 'दोन्ही फोन जवळ पायजेत, दादा. तीस फुटांच्या आत. मग आपोआप जातं.'

संदेश पायरीवर बसला. दोन्ही फोन मांडीवर घेतले. आजूबाजूचे फोन शोधायला लावले तर पडद्यावर एकच नाव उमटलं, बजरंग.

चारशे बारा फोटो होते, सहा व्हिडिओ होते. त्याने एक व्हिडिओ लावला. प्रेसचा धाडधाड आवाज, मशीनचं तोंड, आणि हात आत असला तर मशीन थांबवणारा सेन्सर तांब्याच्या तारेने बांधून निकामी केलेला. मागून बजरंग बोलत होता. "बघा, हे असं बांधून ठेवलंय. सांगितलं तर म्हनत्यात, उद्यापासनं येऊ नको."

मेलेल्या भावाचा आवाज धुक्यात लांबवर गेल्यासारखा वाटला. संदेशने घाईघाईने तो बंद केला. मग सहाही व्हिडिओंपुढच्या निवडीच्या खुणा एकेक करून काढल्या आणि फोटो तेवढे पाठवले. ते आले. त्याने बजरंगचा फोन कोरा केला, बंद केला, खिशात ठेवला.

तेवढ्यात त्याच्या हातातला स्वतःचा फोन थरथरला.

'बजरंग यांना एक फाईल पाठवायची आहे. स्वीकारा. नाकारा.'

संदेशने खिशातला फोन काढून पाहिला. काळा, बंद. मान वर करून त्याने धुक्याकडे पाहिलं. फाटक काही तीस फुटांच्या पलीकडे नव्हतं...

त्याने 'नाकारा'वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो फोन हातात तोलून पाहिला आणि कपाटात टाकला. चौकशी झाली नाही. संदेश कामावर रुजू झाला. आईने बजरंगचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावला आणि शेजारणींना सांगितलं, "थोरल्यानं घर धरलं."

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतच लॉकरमधून फोन काढता येई. पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे डबे उघडून बसले होते, आणि एक वीसच्या सुमारास टेबलांवरचे सगळे फोन एकदम थरथरले. कुणी दचकलं नाही. घास चावता चावताच प्रत्येकाचा अंगठा पडद्यावर गेला आणि परत भाकरीवर आला.

संदेशच्या फोनवर तेच वाक्य होतं.

"घेऊ नको," समोर बसलेले मकसूदभाई हळूच म्हणाले. वीस वर्षं या शेडमध्ये काढलेला माणूस. "हितं कुनीच घेत न्हाई."

"हे... कधीपासून?"

"बजरंगचं ह्या म्हयन्यापासनं. त्याच्या आदी हौशीराम यायचा, त्योबी प्रेसवरच गेलेला. चार वर्सं रोज. त्याच्या आदीचा कोन व्हता, मला ठावं न्हाई."

"मग साहेबांना..."

"लेकरंबाळं हायेत रे," मकसूदभाई म्हणाले आणि डबा बंद करू लागले. "तुलाबी हायेत."

अकरा दिवस संदेश नाकारत राहिला. रात्री झोप लागेना. बाराव्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचा अंगठा आपोआप 'स्वीकारा'वर गेला. फाईल आली.

त्याला वाटलं होतं प्रेस दिसेल. तशी ती दिसली नाही. दिसला तुंगार्लीचा बंगला, धुकं, आणि पायरीवर पाठमोरा बसलेला एक माणूस. चित्रण करणारा पुढे सरकत होता. पावलांचा आवाज नव्हता, पन्हाळीचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं. तो त्या माणसाच्या खांद्यापाशी येऊन थांबला. मांडीवर दोन फोन होते, आणि अंगठा खुणा काढत होता. एक... दोन... तीन... सहाव्या खुणेशी अंगठा आला तेव्हा अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"एवढा एक तरी राहू दे, दादा..."

अंगठा थांबला नाही.

"काय व्हतं त्यात?" मकसूदभाईंनी विचारलं. आसपासचे सगळे चावायचे थांबले होते.

संदेशच्या ओठांवर ते आलं होतं. पलीकडच्या काचेतून साहेब इकडेच बघत होते.

"काय न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "कोरी फाईल हाय."

दुसऱ्या दिवशी एक वीसला टेबलं थरथरली. संदेशच्या हाताशी फोन नव्हता. बॅटरी संपत आली म्हणून त्याने तो बंद करून लॉकरमध्येच ठेवला होता. या वेळी कुणाचाही अंगठा हलला नाही. सगळे आपापल्या पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहत राहिले. मकसूदभाईंनी फोन त्याच्यासमोर सरकवला.

'संदेश यांना एक फाईल पाठवायची आहे.'

"मी न्हाई, भाऊ... माझा बंद हाय... लॉकरात..."

मकसूदभाईंनी त्याचं मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली. ठोका कुठेच लागला नाही. मग हात सोडला, उष्टा डबा तसाच उचलला आणि मागे वळून न पाहता ते पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले.