खांद्यावरचा हात

भिंतीवर कोणाला लावायचं, हे तुम्ही निवडून ठरवता. ज्यांच्या हातचं खाऊन मोठे झालात, त्यांचे चेहरे पाहुण्यांसमोर नको असतात तुम्हाला. आणि याला तुम्ही घर सजवणं म्हणता.

हे मी म्हणतो. आसगावच्या तेजरामकाकांनी असं काही म्हटलं नाही. शेकोटीजवळ बसून त्यांनी आम्हा पोरांना फक्त झालं ते सांगितलं. ज्याच्यासमोर झालं तो घनश्याम, त्यांचा जुना दोस्त. अड्याळला त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे.

दोन हजार चोवीस सालचा बारा डिसेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या, अमरच्या, नव्या घराचं वास्तुपूजन होतं. बैठकीची एक भिंत फोटोंनी भरायची होती. गोव्याचे फोटो, पोरीचे वाढदिवस, सासू-सासरे. मधोमध अमर आणि रक्षाचा लग्नातला मोठा फोटो. तीच शेवटची फ्रेम घेऊन घनश्याम संध्याकाळी निघाला.

त्या फोटोत मुळात तिघं होते. अमरच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, रुखमिणी मोठीमाय. त्याची विधवा मोठी काकू. अमर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून हिनंच दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी करून त्याला शिकवलं. लग्नात ती कोपऱ्यात बसली होती, रक्षानं तिला ओढून फोटोत उभं केलं. त्याच वर्षी जुलैत ती रोवतानाच बांधीत कोसळली. हातात रोपांची जुडी तशीच होती.

"मोठीमायले काढून टाका," अमर दुकानात म्हणाला होता.

"काहून रे? तिनं तं पोसलं तुले."

"पूजेच्या दिवशी विधवा बाई समोर नको, काका. अन् पाहुणे विचारतेत, हे लुगडंवाली कोण?"

शेजारच्या फोटो स्टुडिओतल्या पोरानं कॉम्प्युटरवर तिला पुसलं. मागे फुलांचा पडदा भरला. घनश्यामनं पैसे घेतले आणि काच बसवली.

आठ वाजून दहा मिनिटांनी त्यानं फ्रेम खिळ्यावर अडकवली. अमर कौतुकानं दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात लाइट गेली.

घनश्यामनं मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड फोटोवर पडला.

अमरच्या खांद्यावर हात होता.

"काका, हात पुसाचा राह्यला वाटते…"

"नव्हता. काच म्या बसवली. नव्हता."

"म्हणजे स्टुडिओवाल्याचीच चूक," मी मधेच म्हणालो.

"आयकून तं घे बापा," तेजरामकाका म्हणाले, आणि त्यांनी विस्तवात एक लाकूड सरकवलं.

काळा हात. मनगटापर्यंतच. बांगडी नाही. नखांत काहीतरी भरलेलं.

मग वास आला. ओल्या चिखलाचा. बाहेर डिसेंबर. बांध्या कोरड्या ठाक. धान कापून महिना झालेला.

"कोण आहे?" अमर म्हणाला.

कोणी नव्हतं.

त्याचा डावा खांदा हळूहळू खाली गेला. कोणी टेकल्यासारखा. त्यानं मान वळवली नाही.

"काका… माह्या मागं…"

घनश्यामनं टॉर्च फिरवला. भिंत. नुसती भिंत.

"मोठीमाय?"

…

लाइट आली. फोटोत दोघंच. मागे फुलांचा पडदा. अमर हसला, पण खांदा चोळत. घनश्याम पाणीही न पिता निघाला.

सकाळी अमरनंच त्याला फोन करून बोलावलं. पाहुणे यायचे होते, गुरुजी आले होते. फोटोतल्या अमरच्या खांद्यावर चिखलाची पाच बोटं उमटली होती. ताजी, ओली. करंगळीपाशी धानाचं एक हिरवं पातं.

"पूस ना लवकर!" अमर ओरडला.

झाडूपोछा करणारी आनंदाबाई स्टुलावरून खाली उतरली. फडकं पांढरं स्वच्छ होतं.

"चार डाव पुसलं जी," ती म्हणाली. "चिखल काचेच्या आतून आहे."