खिंडीचा उलटा चढ

लॉरीच्या तीन पेडलांपैकी डावं आणि उजवं गंजून सालपटलं होतं. मधल्यावर मात्र गंजाचा ठिपकाही नव्हता. राहीने पदराने धूळ पुसून वाकून पाहिलं. चवडा जिथे टेकतो तिथे रुपयाएवढं लोखंड झिजून चकचकीत झालं होतं. चौलच्या वाडीत, सुपारीच्या खोपीत ही लॉरी बारा वर्षं उभी होती. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. खोपीच्या दाराचे खिळेसुद्धा दर दोन वर्षांनी बदलावे लागत.

"हे मागं जायचं पेडल, बाई," अलिबागहून आलेला वहाब मिस्त्री म्हणाला. "कोन बसत होता काय इथं?"

"दाराला कुलूप होतं. चावी माझ्याकडे."

"मंग रातीला मोटार सोताच सराव करत असंल," म्हणून तो हसला. राही हसली नाही.

ती अलिबागच्या मुलींच्या शाळेत सृष्टिशास्त्र शिकवत असे. तिने काचकागदाने तिन्ही पेडलं घासली, प्रत्येकावर मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि कुलूप लावलं. चौथ्या दिवशी दोन पेडलं विटकरी झाली होती. मधलं जसंच्या तसं. लोखंड वेगळं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. कानशीने कोपरा घासून पाहिला. लोखंड तेच होतं.

लॉरी तिच्या नवऱ्याची, येसाजींची. एकोणीसशे पंचवीस साली माघात दुपारच्या वेळी ते नारळ भरून धरमतरच्या धक्क्याकडे निघाले. संध्याकाळी लॉरी कार्ले खिंडीच्या माथ्यावर उभी सापडली. ब्रेक ओढलेला, नारळ जागच्या जागी, तोंड आल्या वाटेला, अलिबागकडे. येसाजी नव्हते. आठ दिवस रान धुंडाळलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. शेवटी बैल जुंपून लॉरी परत आणली.

तोंड उलटं का, याचं तेवढं लोकांना नवल वाटलं नाही. टाकी बैठकीखाली, इंजिन पुढे. पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचं. टाकीत थोडंच उरलं असलं की चढावर ते उतरत नसे आणि इंजिन बंद पडे. मग येसाजी लॉरी वळवून चढ उलटा चढत, म्हणजे टाकी इंजिनाच्या वर येई. पेट्रोल भरून घ्यायचा त्यांना नेहमीच आळस.

आता बारा वर्षं भरली होती. परागंदा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे, अशी रीत. पण बायकोने हो म्हटल्याशिवाय तिचा दीर अंबाजी पुतळ्याला हात लावायला तयार नव्हता.

"वयनी, मी दोन महिनं इचारतोय," तो म्हणाला होता. "तुमी न्हाय म्हना, तरी चालंल. पन काय तरी म्हना. आईला रोज काय सांगू मी?"

कपाळावरचं कुंकू राही रोज लावत होती, आणि लावताना रोज बोट क्षणभर थांबत होतं. "लॉरी सुरू करा," तिने सांगितलं. "जिथे ती सापडली तिथवर मी एकदा त्याच रस्त्याने जाऊन बघते. मग सांगते." लॉरी सुरू होणार नाही, असा तिचा हिशेब होता.

दुरुस्तीच्या बाविसाव्या दिवशी वहाबने पुढचा दांडा फिरवला आणि लॉरी दुसऱ्याच हिसक्याला बोलू लागली.

ते दुपारी निघाले. वहाब चालवायला, शेजारी राही, मागे फळीवर अंबाजी. अलिबाग ओलांडलं तोवर सगळं ठीक होतं. खिंडीचा चढ लागला आणि इंजिन खोकून बंद पडलं. वहाबने बैठक उचलून टाकीत काठी बुडवली. काठी सहा बोटं भिजून आली.

"पेट्रोल तर भरपूर हाय. मंग हिला झालं काय?"

तीनदा दांडा मारला. तीनदा लॉरी चार हात गेली आणि थांबली.

"उलटी घे रं," अंबाजी मागून म्हणाला. "तिला तीच सवय हाय."

वहाबने लॉरी वळवली आणि मधलं पेडल दाबलं. लॉरी कुरकुर न करता चढू लागली.

वहाब मान मुरडून मागे, माथ्याकडे बघत होता. अंबाजीही तिकडेच तोंड करून "डावीकडं... सरळ" असं सांगत होता. चढून आलेल्या रस्त्याकडे तोंड होतं ते एकट्या राहीचं.

खाली आंब्याजवळ एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, हात वर. लॉरी थांबवायला बघत असावा.

"वहाबभाई, खाली कुणीतरी आहे."

"ऱ्हाऊ द्या, बाई. चढावर थांबवली तर आपल्यालाच ढकलायला लागंल."

लॉरी ओढ्यावरच्या मोरीवरून गेली. थोड्या वेळाने तिने पाहिलं तर माणूस मोरीवर उभा होता. पाय हलत नव्हते.

सूर्य समोर होता. रस्ता तापला होता. तापलेल्या हवेत अंतराची फसगत होते. मुलींना ती हेच शिकवत असे. तिने हात ताठ पुढे धरला, एक डोळा मिटला आणि अंगठ्याच्या नखाने त्याला झाकलं. लॉरी लांब जाईल तसा तो नखाआड बारीक होत जायला हवा होता.

जांभूळ मागे पडलं. दगडाची खाण मागे पडली. तो नखाएवढाच राहिला.

मग तो खाणीपाशी उभा होता.

"भावोजी, तुम्ही जरा इकडे बघता का?"

"वळण हाय वयनी, आता न्हाय. वहाब, डावीकडं!"

माथा आला. इंजिन आपोआप बंद पडलं. वहाबने ब्रेक ओढला.

"हितंच," अंबाजी हळूच म्हणाला. "अगदी हितंच उभी होती."

राहीने हात खाली घेतला नव्हता. लॉरी थांबली होती, आणि आता नख पुरत नव्हतं. नखाच्या दोन्ही बाजूंनी सदरा दिसत होता.

मग अंगठा पुरेना.

मग पंजा.

तिने हात बाजूला केला. त्याचा हात थांबवण्यासाठी वर केलेला नव्हता. तो ताठ पुढे धरलेला होता, अंगठा वर, एक डोळा मिटलेला. हे येसाजींना तिनेच शिकवलं होतं, चौलच्या किनाऱ्यावर, एका लांबच्या गलबताकडे बघत.

वहाब दांडा फिरवायला उतरून पुढे गेला. तो वाकला तिथेच तो माणूसही उभा होता. वहाबने त्याच्यातूनच हात घालून दांडा धरला.

"इंजिन गार पडलंय," वहाब पुटपुटला. "बर्फागत. आत्ता तर चालत होतं."

त्या माणसाने दुसरा डोळा उघडला.

"वयनी? कोनाकडं बघताय?" अंबाजीने विचारलं. "वयनी, काय तरी बोला."

"अहो," राही समोर बघत म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता, फळ्यापुढचा. "तुम्ही गेलात. उद्या भावोजी तुमचे दिवस घालायला बसतील. मी हो म्हणतेय."