हललात की टाक थांबतो

टप्! माझ्या पांढऱ्या कोटावर काळी शाई. आमच्या औषधांच्या दुकानात शाई! वर बघते तर लाकडी छतातून दुसरा थेंब निघालाच होता. मी तरातरा जिना चढले. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू सांडलेली दौत पुसत बसला होता.

"अहो, हा कोट कोण धुणार? तुम्ही?"

"धुतो. पण आत्ता— तशाच उभ्या राहा! कमरेवर हात… हं!"

टाक बुडवून त्यानं सरसर रेघ ओढली. मी हलले; टाक थांबला. त्याचा नियमच तो, समोरचं माणूस हललं की रेघ तिथंच सोडायची. कागदावर एक कोपर, उडती वेणी आणि मधोमध डाग.

"ही मी? ही तर उकळती किटली आहे!"

"म्हणजे हुबेहूब जमलंय." मेला हसलाही.

कोट त्यानं धुतला. डाग गेला नाही, आणि मी रोज दुपारी वर जायला लागले. बाबा मला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. दोन मिनिटं स्वस्थ बसेन तर शपथ! महिनाभरात त्याच्याकडे माझी नुसती मान, नुसती बोटं, नुसता पदर साठला. अख्खी मी एकाही कागदावर नाही.

मग सोमवारी तो म्हणाला, "शनिवारी खोली सोडतोय. दुसऱ्या गावी शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागलीय."

"अरे वा!" मी म्हणाले. वा कसलं, डोंबल! घास गोड लागेना. खोकल्याच्या गिऱ्हाइकाला मी पोटदुखीचं औषध दिलं. बाबांनी वेळीच हिसकावलं. तो जाणार होता आणि मला तो हवा होता. बस्स.

शुक्रवारी वर गेले आणि खुर्चीत बसले. अगदी गप्प.

"आज पूर्ण काढा मला. जाताना घेऊन जा."

रेघ कपाळावरून निघाली, नाकापाशी थरथरली… थांबली.

"मी हलले नाही हं!"

"माहितेय. माझाच हात हलतोय."

"का?"

तो दौतीचं झाकण फिरवत राहिला. "शाळेसमोर औषधांचं दुकान आहे. त्यांना माणूस हवंय. नोकरीला हो म्हणायच्या आधीच मी तुमच्यासाठी विचारून आलो. तुम्हाला विचारायचं धाडस मात्र…"

"आणि आठवडाभर मला जाळलंत?" मी ताडकन उठले, हात कमरेवर.

"तशाच— तशाच उभ्या राहा!"

"येईन मी. पण बाबांना तुम्ही सांगायचं," मी म्हणाले. "आता काढा."

आणि त्याची रेघ पुरी होईपर्यंत मी जागची हलले नाही.